सल्ला तिकडचा, नुकसान इकडचे: दावा कुठल्या कोर्टात?

परदेशातल्या हिशेबतज्ज्ञाने, अभियंत्याने, डॉक्टरने किंवा वकिलाने काम बिघडवले तर दाद कुठे मागायची, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची निर्यातीची छोटी कंपनी आहे. ब्रिटनमध्ये उपकंपनी काढताना लंडनच्या एका करसल्लागार फर्मकडून लेखी सल्ला घेतला. तो चुकीचा निघाला आणि दंड-व्याज मिळून सुमारे 1,80,000 पौंड भरावे लागले. सगळे काम ई-मेलवर झाले. सल्ला आम्हाला भारतात मिळाला, निर्णय इथेच घेतला, पैसेही इथल्याच खात्यातून गेले. आमचे वकील म्हणतात की दावा इथे लावता येईल. लावावा का?

उत्तर : वकिलांचे म्हणणे बरोबर आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 20 प्रमाणे प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा चालतो, तसाच वादकारणाचा (ज्या घटनांमुळे दावा उभा राहतो त्यांचा) काही भाग जिथे घडला तिथेही चालतो. प्रतिवादी परदेशी असला तरी ही दुसरी वाट बंद होत नाही. सल्ला इथे पोहोचला, त्यावर विसंबून पाऊल इथे उचलले, या गोष्टी दाव्याच्या अर्जात तारीखवार लिहिल्या की दावा दाखल होण्यापुरता पाया तयार होतो. दोन कंपन्यांमधला सेवेचा करार असल्याने हा बहुधा वाणिज्यिक वाद ठरेल. तसे असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. ती गाळली तर दावाअर्जच फेटाळला जातो.

खरी अडचण हुकूमनामा (दाव्यातला कोर्टाचा अंतिम आदेश) मिळाल्यानंतर सुरू होते. त्या फर्मची भारतात मालमत्ता नाही, म्हणजे वसुली इंग्लंडमध्येच करावी लागणार. भारतीय हुकूमनामा तिथे 1933 च्या परदेशी न्यायनिर्णयांच्या कायद्याखाली नोंदवता येतो. भारतासाठी त्याचा आदेश 1958 मध्ये निघाला. नोंदणीसाठी सहा वर्षे मिळतात, त्यामुळे वेळेची चिंता नसते. पण भारतीय कोर्टाला अधिकार होता की नाही हे इंग्लिश कोर्ट आपल्या कलम 20 वरून ठरवत नाही. ते त्या कायद्याच्या कलम 4 मधली यादी पाहते. प्रतिवादी आपणहून हजर झाला का? त्याने आधीच भारतीय कोर्ट कबूल केले होते का? तो भारतात राहत होता, किंवा कंपनी असल्यास तिचे मुख्य ठिकाण भारतात होते का? निदान भारतात त्याचे कार्यालय होते आणि व्यवहार त्या कार्यालयामार्फत झाला का? ‘वादकारणाचा काही भाग भारतात घडला’ हा आधार त्या यादीत नाही.

म्हणजे लंडनची फर्म इथे हजरच झाली नाही, तर भारतीय कायद्याने पूर्ण वैध असलेला हुकूमनामा तिच्या दारात कागदच राहील. पाच-सात वर्षे दावा चालवल्यानंतर हे कळणे परवडत नाही. म्हणून या प्रकारात आम्ही उलट्या टोकाने विचार करायला सांगतो. पैसे कुठे आहेत ते आधी पाहा. व्यावसायिकाच्या बाबतीत पैसे म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या दायित्व विम्याची (कामातल्या चुकीची भरपाई देणाऱ्या विम्याची) पॉलिसी. तिथल्या कोर्टात कोणता हुकूमनामा चालतो ते मग तपासा, आणि दावा कुठे लावायचा हे सगळ्यात शेवटी ठरवा.

पैसे इथल्या खात्यातून गेले, हा मुद्दा वाटतो तितका भक्कम नाही. युरोपीय न्यायालयाने 2016 मध्ये युनिव्हर्सल म्युझिकच्या प्रकरणात हाच प्रश्न हाताळला. चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीच्या शेअर खरेदीचा करार तिथल्या वकिलांनी तयार केला. मसुद्यातल्या चुकीमुळे किंमत पाचपट निघाली, वाद प्रागमध्ये लवादापुढे तडजोडीने मिटला, आणि तडजोडीची रक्कम डच कंपनीने आपल्या नेदरलँड्समधल्या खात्यातून भरली. तिने वकिलांवर नेदरलँड्समध्ये दावा लावला. न्यायालयाचे उत्तर असे होते की नुकसान चेक प्रजासत्ताकात झाले, कारण पैसे देण्याचे बंधन तिथे पक्के झाले. खाते कुठल्या देशात आहे एवढ्यावर अधिकारिता (कोर्टाचा दावा चालवण्याचा अधिकार) ठरत नाही. हा नियम युरोपीय संघाचा आहे, भारतावर बंधनकारक नाही. पण त्यामागचा विचार इतर देशांतल्या न्यायाधीशांनाही पटतो. नाहीतर प्रत्येक अशील आपल्या बँकेच्या शाखेपाशी दावा ओढून नेईल.

आता तुमच्या फाइलमधले नेमणूकपत्र काढा. सहीच्या पानावर बहुधा काहीच नसते. ‘आमच्या सर्वसाधारण अटी लागू’ असे एक वाक्य आणि खाली लिंक, एवढेच. त्या अटींच्या शेवटच्या दोन पानांवर लागू कायदा, कोर्ट आणि दायित्वाची कमाल मर्यादा ही तीन कलमे शेजारी शेजारी सापडतील. कोर्टाच्या कलमात ‘एक्सक्लुझिव्ह’ आहे की ‘नॉन-एक्सक्लुझिव्ह’ ते पाहा. पहिले (म्हणजे फक्त तेच कोर्ट, दुसरे नाही) असेल तर भारतात दावा लावताच प्रतिवादी तेच कलम पुढे करील. दोघांनी मिळून परदेशी तटस्थ कोर्ट निवडता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मोदी एंटरटेनमेंट प्रकरणात 2003 मध्ये मान्य केले आहे. अटी काम सुरू झाल्यानंतर पाठवल्या असतील तर त्या कराराचा भाग झाल्याच नाहीत, असे म्हणायला जागा राहते. म्हणून त्या ई-मेलची तारीख आणि वेळ जपून ठेवा.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले कायदेशीर नावही वाचा. मोठ्या हिशेबतज्ज्ञ फर्मचे नाव जगभर एकच असते, पण प्रत्येक देशातली संस्था कायद्याने वेगळी असते. भारतात त्याच पाटीचे कार्यालय आहे म्हणून ‘प्रतिवादीचे भारतात कार्यालय आहे’ असे लिहिले की पहिल्याच तारखेला तोंडघशी पडायला होते.

तुमच्या बाबतीत आमचा कल इंग्लंडकडे आहे. प्रतिवादी तिथलाच असल्याने समन्स देशाबाहेर बजावण्याची परवानगी लागत नाही. दाव्याआधी व्यावसायिक निष्काळजीपणासाठीची ठरलेली पत्रव्यवहाराची पद्धत पाळावी लागते. सविस्तर दावापत्र पाठवले की फर्मने 21 दिवसांत पोच द्यायची आणि त्यानंतर चौकशीसाठी तिला तीन महिने मिळतात. बरीच प्रकरणे इथेच मिटतात, कारण पत्र विमा कंपनीच्या टेबलावर जाते. कोर्ट फी 10,000 ते 2,00,000 पौंडांच्या दाव्यांवर 5 टक्के आहे. तुमच्या रकमेवर 9,000 पौंड. शिवाय वादी परदेशात राहतो म्हणून प्रतिवादी खर्चाची हमी (वादी हरल्यास खर्च वसूल व्हावा यासाठी आगाऊ तारण) मागू शकतो. कोर्टनिवडीच्या 2005 च्या हेग कराराने बांधलेल्या देशांतल्या वादींना या कारणावरून तशी हमी मागता येत नाही. भारत त्यात नाही. ही रक्कम आधीच बाजूला काढा.

मुदतीवर दुर्लक्ष नको. भारतात करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षे, इंग्लंडमध्ये साधारण सहा. इंग्लंडमध्ये बोलणी चालू असताना मुदत थांबवण्याचा लेखी करार करतात आणि तो तिथे चालतो. भारतात मुदत कराराने वाढवता येत नाही. त्या कागदाच्या भरवशावर इथला दावा लांबवला, तर दोन्ही बाजूंच्या सह्या असूनही तो मुदतबाह्य होतो.

प्रश्न : मी संरचना अभियंता आहे. परदेशातल्या एका इमारतीचे आकडेमोडीचे काम इथे बसून केले. आता इंग्लंडच्या कोर्टाचे समन्स आले आहे. मित्र सांगतात, लक्षच देऊ नको, एकतर्फी निकाल भारतात चालत नाही. खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे घर जाऊ शकते.

ब्रिटन हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली परस्पर मान्यता असलेला देश आहे. सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड, आणि जानेवारी 2020 पासून संयुक्त अरब अमिरातीही. अशा देशातल्या वरिष्ठ कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली याचा दाखला जोडून थेट जिल्हा न्यायालयात दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावता येते. नवा दावा लागत नाही. (अमेरिका या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे वेगळा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांत.) दरखास्तीत तुम्ही त्याच संहितेच्या कलम 13 मधल्या सहा हरकती घेऊ शकता. त्यातल्या दोन तुमच्या कामाच्या: परदेशी कोर्टाला अधिकार नव्हता, आणि निकाल गुणदोषांवर दिलेला नाही.

मित्रांचा भरवसा दुसऱ्या हरकतीवर आहे. इंटरनॅशनल वूलन मिल्स प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की पुरावा न पाहता, केवळ प्रतिवादी आला नाही म्हणून दिलेला निकाल गुणदोषांवरचा नसतो. पण हे इंग्लंडच्या वकिलांनाही ठाऊक आहे. भारतात वसुली करायची असेल तर ते आपोआप मिळणारा एकतर्फी हुकूम घेत नाहीत. न्यायाधीशासमोर साक्षीपुरावा मांडून कारणांसह निकाल मागतात. तसा निकाल एकतर्फी असूनही गुणदोषांवरचा ठरू शकतो. मग तुमच्या हातात फक्त अधिकारितेची हरकत उरते, आणि करारात इंग्लिश कोर्ट मान्य केले असेल तर तीही गेली.

म्हणून आलेला कागद त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवा. दायित्व विमा ‘ज्या वर्षी दावा आला त्या वर्षीची पॉलिसी’ या तत्त्वावर चालतो. उशिरा कळवले तर संरक्षणच जाते. पॉलिसीत प्रदेश आणि कोर्ट यांचे स्वतंत्र कलम असते ते वाचा. ‘जगभर’ असे मोठ्या अक्षरात आणि ‘अमेरिका व कॅनडा वगळून’ असे लहान अक्षरात, हा नेहमीचा प्रकार. काम कुठे केले हे एक आणि निकाल कुठल्या कोर्टाचा हे दुसरे. दोन्ही चाळण्यांतून प्रकरण पार व्हावे लागते.

समन्स आले कसे हेही पाहा. हेगच्या 1965 च्या बजावणी करारात भारत 2007 पासून आहे आणि टपालाने थेट बजावणीला भारताची हरकत आहे. परदेशी कोर्टाचे कागद विधी व न्याय मंत्रालयामार्फत यायला हवेत. मात्र तुमच्या करारात ‘कोर्टाचे कागद इंग्लंडमधल्या अमुक पत्त्यावर दिले तरी चालतील’ असे कलम असेल तर ती बजावणी तिथेच पुरी झाली. इथे आलेले कुरिअर केवळ माहितीसाठी होते, असे निघते.

इंग्लंडमध्ये अधिकारितेला हरकत घ्यायची तर क्रम ठरलेला आहे. आधी समन्सची पोच भरायची आणि तिच्यात ‘अधिकारितेला हरकत घेणार’ या चौकटीत खूण करायची. पोच दिल्याने हक्क जात नाही. त्यानंतर 14 दिवसांत (कमर्शियल कोर्टात 28) पुराव्यासह अर्ज द्यायचा. ही तारीख चुकली की तुम्ही कोर्टाचा अधिकार मान्य केला असे धरले जाते. लोक नेमके इथे घसरतात. घाईत आधी बचावाची कैफियत दाखल करतात, ‘माझी आकडेमोड बरोबरच होती’ असे दहा पाने लिहितात आणि शेवटच्या परिच्छेदात अधिकारितेची हरकत टाकतात. अर्जाआधी गुणदोषांवर उतरलात की हरकतीत दम राहत नाही. हे इथल्या कायद्यालाही नवे नाही. परक्या कोर्टात बचावाची परवानगी मागणारा अर्ज देणे म्हणजे त्या कोर्टापुढे मान तुकवणे, असे सर्वोच्च न्यायालयाने शालिग्राम प्रकरणात फार पूर्वीच धरले होते.

अर्जात तीन गोष्टींवर लढत होते: दाव्यात लढण्याजोगे काही आहे का, तो ठरवून दिलेल्या एखाद्या ‘दारातून’ आत येतो का (करार इंग्लिश कायद्याचा आहे, चूक किंवा नुकसान तिथे झाले आहे, वगैरे), आणि खटला चालवायला इंग्लंड हीच योग्य जागा आहे का. करारात इंग्लिश कोर्टाचे कलम असेल तर वादीला आधी परवानगीही लागत नाही. इमारत तिथे, तडे तिथे, पाहणी करणारे तज्ज्ञ तिथे, असे असताना तिसऱ्या मुद्द्यावर जिंकाल अशी आशा आम्ही देणार नाही.

प्रश्न : वडिलांचे स्कॅन परदेशातल्या तज्ज्ञाने ऑनलाइन वाचले आणि गाठ सुटली. उपचार आठ महिने लांबले. ग्राहक आयोगात जाता येईल का? तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते असे वाचले.

उत्तर : वाचले ते बरोबर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार चालते, आणि मुदत दोन वर्षे आहे. कोणता आयोग हे मागितलेल्या भरपाईवरून नाही, दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. पण ब्रिटनमध्ये नोंदवता येणाऱ्या भारतीय निकालांच्या यादीत सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालये, जिल्हा न्यायालये आणि रकमेची मर्यादा नसलेली इतर दिवाणी कोर्टे आहेत. ग्राहक आयोग त्यात नाही.

म्हणून आधी शोधा, की स्कॅन परदेशी पाठवले कुणी? भारतातल्या रुग्णालयाने किंवा निदान केंद्राने पाठवले असेल, बिल त्याचे असेल आणि अहवालावर त्याचे नाव असेल, तर तक्रार त्याच्यावर करा. वाचन बाहेरून करून घेतले हा त्याचा अंतर्गत कारभार झाला. अहवाल त्याने दिला. तो इथेच आहे आणि त्याचा विमाही इथलाच. तुम्ही थेट एखाद्या परदेशी संकेतस्थळावर पैसे भरून वाचन करून घेतले असेल तर वाट खडतर आहे. भारताच्या 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी देशाबाहेरच्या सल्लामसलतीसाठी तरतूदच केलेली नाही, त्यामुळे तिथूनही आधार मिळत नाही.

शारीरिक इजेच्या दाव्यात कोर्टे थोडी सैल असतात, हे मात्र खरे. ब्राउनली प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बहुमताने म्हटले की अपघात इजिप्तमध्ये झाला तरी त्याचे दुखणे इंग्लंडमध्ये भोगावे लागते, तेवढ्यावर तिथल्या कोर्टाचे दार उघडते. निव्वळ पैशांच्या नुकसानीला ही सवलत आपोआप मिळत नाही. अमेरिकेत याउलट कल दिसतो. रुग्ण दुसऱ्या राज्यात डॉक्टरकडे गेला आणि घरी परतल्यावर त्रास झाला, तर घरच्या कोर्टात त्या डॉक्टरला खेचता येत नाही, असे तिथल्या नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील कोर्टाने 1972 मध्येच ठरवले. नाहीतर डॉक्टरची चूक रुग्णाच्या सामानाबरोबर गावोगाव फिरेल.

प्रश्न : भारतातल्या वकिलांनी माझे अपील मुदतीत दाखल केले नाही. मी आता परदेशात स्थायिक आहे. इथल्या कोर्टात जाऊ का?

उत्तर : नको. काम भारतात, चूक भारतात, वकील भारतात. तुम्ही नंतर कुठे राहायला गेलात याने काही बदलत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही बंद आहे: वकिलाची सेवा त्या कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी ठरवले. (डॉक्टर 1995 पासून त्यात आहेत, हा फरक अनेकांना पटत नाही, पण आज कायदा असा आहे.) उरतो दिवाणी दावा, तीन वर्षांच्या आत. कुलमुखत्यारपत्र देऊन तो परदेशातून चालवता येतो. बार कौन्सिलकडची तक्रार शिस्तीसाठी असते. भरपाईचा दावा म्हणून तिच्याकडे पाहू नका.

प्रश्न : आम्ही इथे दावा लावला आणि समोरच्या फर्मने त्याच विषयावर परदेशात लावला. कुठला थांबेल?

उत्तर : आपोआप कुठलाच नाही. परदेशात दावा प्रलंबित असल्यामुळे भारतीय कोर्टाला दावा चालवण्यास बाधा येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 10 च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. परदेशी दावा चालवू नये असा मनाई हुकूम समोरच्या पक्षकाराविरुद्ध मागता येतो, पण मोदी एंटरटेनमेंटमध्ये घालून दिलेल्या कसोट्या कडक आहेत, आणि ज्याने स्वतःच करारात ते परदेशी कोर्ट कबूल केले त्याला असा हुकूम क्वचितच मिळतो. करारात लवादाचे कलम असेल तर चित्र पूर्ण बदलते. लवादाचे ठिकाण परदेशात असेल तर 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 45 खाली पक्षकारांना लवादाकडे पाठवायला सांगता येते. लवादाच्या निवाड्याला 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे कोर्टाच्या हुकूमनाम्यापेक्षा जास्त देशांत मान्यता मिळते.

तुमच्या पत्रासोबतच्या करारात ‘वाद इंग्लंडच्या कोर्टात चालतील’ एवढेच आहे, ‘फक्त’ हा शब्द नाही. देशांतर्गत करारांत ‘फक्त’ नसला तरी एका कोर्टाचे नाव घेतले म्हणजे बाकीची वगळली, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वस्तिक गॅसेस प्रकरणात 2013 मध्ये धरले. समोरचा पक्ष त्यावर बोट ठेवेल. तुम्ही दाखवायचे ते हे की त्या प्रकरणात निवड भारतातल्याच दोन सक्षम कोर्टांमधली होती. दोघांनी कबूल केलेल्या मसुद्याच्या आधीच्या आवृत्त्या ई-मेलमध्ये असतील तर काढून ठेवा. ‘एक्सक्लुझिव्ह’ हा शब्द कुणी सुचवला होता आणि कुणी खोडला, हे त्यांत दिसले तर कोर्ट पुरावा म्हणून पाहील की नाही हा पुढचा वाद, पण तडजोडीच्या टेबलावर त्याचा उपयोग नक्की होतो.